नाताळचा शिधा

कोल्हापुरात आल्यापासून चिमणाबाईला रोज सकाळी थोडा वेळ कळायचंच नाही की आपण कुठं आहोत. डोळे उघडायचे, खिडकीबाहेर धुकं असायचं, आणि धुक्यात कुठंतरी म्हैस हंबरायची. मग वाटायचं, आपण नेसरीतच आहोत. उठावं, चूल पेटवावी, ह्यांना पाणी तापवून द्यावं. एवढ्यात मिलचा भोंगा व्हायचा. नेसरीला भोंगा नव्हता. आणि पाणी तापवून द्यायला 'हे'ही आता नव्हते. ज्ञानू उपदेशक देवाघरी जाऊन दोन वर्षं होत आली होती. एवढं सगळं आठवून झालं की चिमणाबाई पदर सावरून उठून बसायची.

त्रेपन्न सालचा तो डिसेंबर. लग्न होऊन नेसरीत आल्यापासून तिचा एकही नाताळ गावाबाहेर झाला नव्हता. तिथलं देऊळ म्हणजे एक कौलारू खोली, आत चटया, एक पेटी, आणि त्या पेटीचेही दोन सूर मुके. पण ज्ञानू उपदेशक ख्रिस्तजन्माच्या कीर्तनाला उभा राहिला की ते दोन सूर कुणाला आठवायचे नाहीत. तो गेला आणि घर एकदम मोठं झालं. दोन खोल्यांचं घर मोठं कसं होतं, हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. शेवटी लेकानं सांगावा धाडला, यंदाचा नाताळ आमच्याकडं, नाही म्हणायचं नाही. चिमणाबाईनं आजऱ्याच्या बाजारातून घनसाळ तांदूळ आणवला, फडक्यात गूळ बांधला आणि सर्व्हिस मोटारीत जाऊन बसली.

लेक म्हणजे यज्ञेश्वर. उपदेशकाच्या पोराचं नाव यज्ञेश्वर ऐकून नवे लोक बुचकळ्यात पडत. मिशनच्या शाळेत एक संस्कृत जाणणारे पंडित मास्तर होते. त्यांनी बाळ बघून हे नाव सुचवलं, आणि ज्ञानूला ते इतकं भारदस्त वाटलं की अर्थ विचारायचं राहूनच गेलं. आता तो कोल्हापुरात हायस्कुलात मास्तर होता. बायको प्रमोदिनी, मिरजेच्या शिकल्यासवरल्या ख्रिस्ती घरातली. एक मुलगी पद्मजा, वय आठ, पण बोलणं आजीबाईचं.

सुनेनं सासूला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. "आत्याबाई, तुम्ही बसा." भाजी निवडायला घेतली की, "बसा हो." भांडं उचललं की, "अहो, बसा म्हटलं ना!" जन्मभर ज्या बाईला कुणी बस म्हटलं नाही, तिला आता कुणी ऊठ म्हणेना. प्रमोदिनीचं मन सोन्यासारखं होतं, त्यात वाद नाही. पण पाहुणीसारखं बसवलेल्या माणसाला आपले हात कुठं ठेवावेत ते कळत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग चिमणाबाई परसात उन्हाला बसायची. थंडीतलं ते मऊ ऊन अंगावर आलं की डोळे आपोआप मिटायचे, आणि नेसरी आणि कोल्हापूर यांच्यामधला रस्ता नाहीसा व्हायचा. धुण्याच्या दगडाशी ज्ञानू उभा दिसायचा, कोटाला गुंडी लावत. पद्मजा पाटीवर काही खरडत असायची तर ती तिला लहानपणची आपली मुलगी विमला वाटायची. संध्याकाळी यज्ञेश्वर दारावर टांगलेल्या चांदणीचं बटण दाबायचा. बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद घेऊन त्यानं ती स्वतः केली होती, आणि तिच्या पोटात विजेचा दिवा सोडला होता. लाल-हिरवा उजेड अंगणात सांडायचा. चिमणाबाई त्या उजेडात बराच वेळ नुसती बसून राहायची आणि तिला फार बरं वाटायचं.

पण त्या सुखात एक खडा होता.

चिमणाबाईचे आजेसासरे नेसरीच्या महारवाड्यातून ख्रिस्ती झाले होते. प्रार्थना बदलली, पोरं शिकली; गावाच्या लेखी मात्र वाडा तोच आणि विटाळ तोच. ऊन पडतं, पाऊस पडतो, तसं हेही आहे, असं धरून ती जन्मभर चालली होती. इथं मात्र तिला भीती वाटायची. ह्या गल्लीत सगळी मिसळ होती. समोर इलाही घड्याळजी आणि त्याची खैरुनबी, कोपऱ्यावर कोर्टातले दत्तोपंत, आणि भिंतीला भिंत लागून बाळाबाई, दोन म्हशींची मालकीण, जुन्या मराठा घरातली. ही सगळी माणसं पोराला 'मास्तर' म्हणतात, त्याच्या ओट्यावर बसतात. यांना आपण मुळात कोण ते ठाऊक असेल का? पोराला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर तो रागावला असता. आपल्या तोंडून काही निघू नये, आपल्यामुळं लेकाचं ह्या गल्लीतलं बसलेलं बस्तान हलू नये, एवढंच तिचं मागणं होतं, आणि प्रार्थनेत गुडघे टेकले की ती देवाकडं दुसरं काही मागतच नव्हती.

म्हणून बाळाबाई दाराशी दिसली की ही आत. आणि बाळाबाई दिसायच्या आधी ऐकू यायची. तिनं आपल्या म्हशीला हाक मारावी आणि रंकाळ्यावरच्या म्हशीनं वळून बघावं, असा तो आवाज.

"मास्तर, आई आलीया म्हनं तुमची! दाखवा की! का पेटीत ठेवलीया कुलूप लावून?"

"आहे की घरात. आई, ए आई!"

चिमणाबाई आतल्या दाराआड भिंतीला पाठ लावून उभी. तिला गावाकडचा पहिला प्रश्न ठाऊक होता. पावणं, गाव कंचं? आणि गावानंतर लगेच, वाडा कंचा? बाळाबाई ओट्यावर टेकायची, म्हशींच्या तक्रारी सांगायची, वाट बघून जायची. ती गेली की चिमणाबाई हळूच बाहेर यायची. "झोप लागलीती रं," असं लेकाला सांगायची. देवाच्या सणाला आपण खोटं बोलतोय, याचंही तिला वाईट वाटायचं.

नाताळ जवळ आला तशी लेक विमला राधानगरीहून आली. तिचा नवरा तिकडं धरणाच्या कामावर मुकादम, त्याला रजा नव्हती. ती दोन्ही पोरं घेऊन एकटीच आली. घर भरलं. आणि करंज्या करायच्या दिवशी चिमणाबाईनं सुनेच्या हातातलं लाटणं सरळ हिसकावून घेतलं. "आता तू बस," ती म्हणाली. प्रमोदिनी हसली आणि खरंच बसली.

चिमणाबाईच्या करंजीला नेसरीच्या त्यांच्या वस्तीत तोड नव्हती. पारी अशी पातळ की आतल्या सारणाची सावली दिसावी, आणि मुरड अशी की कातणं लाजावं. तळणाचा वास लांबवर जायचा. एकदा, फार वर्षांमागं, पाटलांची नवी सून पाण्याला निघाली होती. पोटुशी होती. वस्तीच्या कडेला वाटेवरच थांबली, नाक वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "वास लई झ्याक सुटलाय गं." चिमणाबाई दारात होती, हातात करंज्यांचं ताट. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. तिला मागता येईना आणि हिला देता येईना. मग ती पोर घागर सावरून निघून गेली. चिमणाबाईनं त्या सबंध नाताळात करंजी तोंडात घातली नाही. हे तिनं ज्ञानूलाही सांगितलं नव्हतं.

गावाला नाताळचं द्यायची रीत होती. पण ती शिध्याची. सुपात तांदूळ, डाळ, गूळ, वर नारळ. शिजवलेलं काही नाही, कारण ह्यांच्या हातचं शिजवलेलं गावात चालत नव्हतं. सूप पाटलांच्या, वाण्याच्या, कुलकर्ण्यांच्या ओट्यावर ठेवायचं, चार पावलं मागं सरायचं आणि हाक मारायची. आतून कुणी यायचं, बरं बोलायचं, सूप रिकामं करून ओट्यावर ठेवायचं. ज्ञानू म्हणायचा, सण आपला हाय, आपण द्यायचं. घेणाऱ्याला अवघड वाटंल असं द्यायचं न्हाय. चिमणाबाईला ती रीत मानाची वाटायची. शिधा गेल्याशिवाय नाताळ लागला असं तिला वाटतच नसे.

नाताळच्या सकाळी सगळे चर्चमध्ये गेले. मोठं चर्च, बाकं, पेटी-तबला, आणि पेटीचे सगळे सूर शाबूत. चिमणाबाई बायकांच्या बाजूला बसली आणि पहिल्याच भजनाला तिनं डोळे मिटले. एवढ्या गळ्यांमध्ये तिला एक फाटका, ओळखीचा गळा ऐकू यायला लागला. डोळे उघडले तर तो जाईल म्हणून तिनं शेवटच्या प्रार्थनेपर्यंत ते उघडलेच नाहीत. विमलाला वाटलं, आईला डुलकी लागली.

दुपारी जेवणं झाली. यज्ञेश्वर, प्रमोदिनी आणि विमला पोरांना घेऊन चर्चच्या पाळकसाहेबांकडं भेटायला निघाले. पद्मजा आजीपाशी राहिली.

"आल्यावर मी फराळाची ताटं भरते," प्रमोदिनी जाता जाता म्हणाली. "गल्लीत द्यायचीत. पहिलं बाळाबाईंना. तुम्ही पडा जरा आत्याबाई."

चिमणाबाई परसात उन्हाला बसली. 'गल्लीत द्यायचीत' एवढंच तिच्या कानात राहिलं. डोळे मिटले. धुण्याच्या दगडाशी ज्ञानू येऊन उभा राहिला, कोटाची वरची गुंडी नेहमीप्रमाणं चुकीच्या काजात. "शिधा गेला का?" त्यानं विचारलं. रागानं नाही, आठवण करावी तसं. चिमणाबाई दचकून उठली. खरंच की! सण निम्मा सरला आणि आपण बसलोय. सून शहरातली, शिकलेली. तिला रीत ठाऊक नाही. ती करंज्यांचं ताट घेऊन बाळाबाईच्या दारात जाणार, आणि ती बाई घेऊ की नको अशा पेचात पडणार, मग घरी जाऊन विचार करणार, हे लोक आहेत तरी कोण. आणि मग सगळंच निघणार.

तिनं सूप घेतलं. घनसाळ तांदूळ ओतला, मूठभर नव्हे, ओंजळींनी. डाळ, गूळ, वर नारळ. पद्मजाचं बोट धरलं.

"आजी, करंज्या राहिल्या."

"त्या त्यास्नी चालत न्हाईत बाळ."

"चालतात की! बाळाबाई तर..."

"गप. मोठ्यांच्या रीतीत बोलू नये."

पद्मजा आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली, आणि नेमकी नको तेव्हा.

बाळाबाई म्हशी घेऊन पाण्याला गेली होती. चिमणाबाईनं सूप ओट्यावर ठेवलं, चार पावलं मागं सरून अंगणात उभी राहिली आणि हाक मारली. बाळाबाईची सून बाहेर आली. तिनं सुपाकडं बघितलं, चिमणाबाईकडं बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. "ह्ये... आमाला?" ती म्हणाली. "व्हय बाई, नाताळचा शिधा," चिमणाबाई म्हणाली आणि समाधानानं घरी आली. मन हलकं झालं होतं. उन्हात तिला छान झोप लागली.

जाग आली ती बोलण्यानं. सगळे परत आले होते, आणि पद्मजानं सगळं सांगून टाकलं होतं. प्रमोदिनी रिकामं ताट हातात धरून उभी होती.

"आई, अगं शिधा?" यज्ञेश्वर म्हणाला. "बाळाबाई दरवर्षी आपल्या घरचं खातात. त्यांच्या घरात आपण जेवतो. आणि तू त्यांच्या ओट्यावर कोरडा शिधा ठेवून आलीस? त्यांना काय वाटलं असेल?"

चिमणाबाईला आधी समजलंच नाही. खातात? मग समजलं. जे होऊ नये म्हणून जपलं, तेच आपल्या हातानं केलं. पोराचं घर तोडलं आपण. ती स्वयंपाकघरात गेली आणि चुलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी पारीचं भिजवलेलं पीठ आणि उरलेलं सारण समोर झाकून ठेवलेलं होतं, त्याच्याकडं बघत राहिली. उद्याच्या मोटारीनं नेसरीला जावं, एवढंच तिच्या मनात येत होतं.

यज्ञेश्वर पायात चपला सरकवत होता, तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. इलाहीच्या दुकानातली घड्याळंसुद्धा दोन ठोके चुकली असतील.

"मास्तर! कुठं हाय तुमची आई?"

बाळाबाई कमरेवर सूप घेऊन आली ती ओट्यावर थांबलीच नाही. प्रमोदिनी "अहो, मी सांगते" म्हणेस्तोवर ती स्वयंपाकघराच्या दारात.

"काय गं पावणी? शिधा भटाला देत्यात न्हायतर जोगतिणीला. ह्या दोगांतली मी कोन दिसली तुला?"

चिमणाबाई उठून भिंतीला टेकली.

"आल्यापास्नं बगतीया. मी आले की ही आत. म्हटलं, लाजत आसंल. आनि आज सणाच्या दिवशी सुपात तांदूळ! आमचं काय चुकलं, त्ये तरी सांग."

"तुमचं न्हाय चुकलं काय," चिमणाबाई कशीबशी म्हणाली. "आमच्या गावात... आमच्या हातचं चालत न्हाय. आमी मूळचे वाड्यातले. पोरानं सांगितलं नसंल तुमास्नी. त्येचा दोष न्हाय. त्येला काय बोलू नका."

शेवटचं वाक्य बोलताना तिनं हात जोडले. दारात यज्ञेश्वर उभा होता. त्यानं मान वळवली.

बाळाबाई गप्प झाली. ती गप्प झाल्यामुळं घरातलं सगळं एकदम ऐकू यायला लागलं, पातेल्यावरचं झाकणसुद्धा. तिनं सूप खाली ठेवलं आणि फतकल मारून चुलीपुढं बसली.

"सांगायला कशाला पायजे? पयल्या दिवसापास्नं ठावं हाय गल्लीला," ती म्हणाली. आवाज निम्म्यावर आला होता. "खोटं कशाला बोलू? पयल्या साली तुझ्या सुनंनं ताट आनलं, तवा मी घेतलं आनि म्हशीपुढं ठेवलं. म्हशीनं चाटूनपुसून खाल्लं आनि माझ्या तोंडाकडं बगाय लागली. मला लाज वाटली बग. दुसऱ्या सालापास्नं मीच खाते."

प्रमोदिनीला हे नवीन होतं. तिनं तोंडाला पदर लावला, रागानं की हसू आलं म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक.

"तांदूळ मी काढून घेतलाय," बाळाबाई पुढं म्हणाली. "घनसाळ कोन सोडंल? सूप तेवढं परत आनलंय. पन माझ्या करंज्या कुठं हायत? आनि डब्यातल्या नकोत मला. तुझ्या हातच्या, ऊन ऊन. ठेव कढई."

चिमणाबाईनं कढई ठेवली. आपण काय करतोय ते तिचं तिला कळत नव्हतं; हात मात्र कामाला लागले. पारी लाटली, सारण भरलं, मुरड घातली. तेल तापलं. वास घरभर झाला, दारातून बाहेर गेला. क्षणभर तिला चुलीपलीकडं घागर घेतलेली एक पोर उभी दिसली, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून ती दिसेनाशी झाली.

करंजी फुलली. चिमणाबाईनं ती झाऱ्यानं काढली, निथळली, थोडी निवू दिली आणि चिमटीत धरली. बाळाबाईनं हात पुढं केला. आणि चिमणाबाईचा हात सवयीनं वर गेला, तिच्या तळव्यापासून चांगला वीतभर वर, वरून सोडायला. देताना शिवायचं नाही, हे त्या हाताला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

बाळाबाईनं हात तसाच ठेवला. "खाली ये की," ती म्हणाली. "वरनं टाकलीस तर फुटंल. सारन सांडंल."

चिमणाबाईचा हात खाली आला. बोटं तळव्याला लागली. शेणा-धारांनी राकट झालेला तळवा होता तो, तिच्या स्वतःच्या तळव्यासारखाच.

बाळाबाईनं करंजी मोडली, फुंकर मारली, तोंडात टाकली. सबंध घर बघत होतं. ती सावकाश चावत राहिली, मग तिनं नाक मुरडलं.

"सारन जरा गुळमाट झालंय. वेलदोडा कमी पडला तुझा."

यज्ञेश्वर पुढं झाला. आईला आता आणखी काही लागू नये असं त्याला वाटलं. पण चिमणाबाई बाळाबाईच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही उमलत होतं की तो जागीच थांबला. एवढ्या आयुष्यात वस्तीबाहेरच्या कुणी तिच्या हातच्या पदार्थाला नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवायचं तर आधी खावं लागतं.

ती हसली, डोळे गळत असतानाच हसली, आणि दुसरी करंजी कढईत सोडली.

"पयली घाईत झाली," ती म्हणाली. "आता दुसरी खा, मग बोल की."